अठरा वर्षे मुरलेली बर्बन: एलायजा क्रेग, हेवन हिल आणि केंटकीची गोदामे

ओहायोकाठ

केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात राहायला येऊन मला आता ११ वर्षे झाली. शहरापासून दक्षिणेला साधारण ६५ किलोमीटरांवर बार्ड्सटाउन नावाचे लहानसे गाव आहे. त्या वाटेवर टेकड्यांच्या माथ्यांवर सहा-सात मजली, पत्र्याने मढवलेल्या, लहान खिडक्यांच्या ओळी असलेल्या इमारती दिसतात. पहिल्या वर्षी मला ती धान्याची कोठारे वाटली होती. प्रत्यक्षात ती बर्बन व्हिस्कीच्या पिंपांची गोदामे आहेत आणि इथले लोक त्यांना रिकहाऊस म्हणतात, कारण आत पिंपे लाकडी चौकटींवर एकावर एक आडवी रचलेली असतात. उन्हाळ्याच्या दुपारी अशा गोदामाजवळ उभे राहिले की व्हॅनिला, ओले लाकूड आणि अतिपक्व फळे यांचा मिसळलेला वास येतो. पिंपांच्या फळ्यांतून हळूहळू उडून जाणाऱ्या व्हिस्कीचाच तो वास असतो.

गेल्या हिवाळ्यात एका शेजाऱ्यांच्या घरी 'एलायजा क्रेग' या नावाची, १८ वर्षे मुरलेली बर्बन चाखण्याचा योग आला. बार्ड्सटाउनच्या हेवन हिल या कंपनीची ही व्हिस्की एकेका पिंपातून स्वतंत्रपणे बाटलीत भरली जाते आणि बाटलीवर पिंपाचा क्रमांक व ते भरल्याची तारीख असते. त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि माझी एक जुनी समजूत पार बदलली. वेष्टनावरचे अठराव्या शतकातील धर्मोपदेशकाचे नाव पाहून असे वाटते की, त्या काळापासून कोणीतरी पिढ्यानपिढ्या अशीच दीर्घकाळ मुरवलेली बर्बन करत आले असावे. इतक्या जुन्या बर्बनचे आयुष्य मात्र मोजक्या दशकांचेच आहे आणि तिच्या जन्मामागे करविषयक एक कायदा, एक मोठी मंदी आणि न विकला गेलेला माल आहे. हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

बर्बन कशाला म्हणायचे, हे अमेरिकी कायदा बारकाईने ठरवतो. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो. ऊर्ध्वपातनातून निघणाऱ्या द्रवात अल्कोहोलचे प्रमाण ८० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, पिंपात भरताना ते ६२.५ टक्के किंवा त्याहून कमी असावे लागते आणि बाटलीत ते ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. पिंप ओक लाकडाचे, आतून जाळून कोळशाचा थर आणलेले आणि कोरे असले पाहिजे. तीव्रता उतरवण्यासाठी पाणी घालता येते, पण रंग किंवा चव घालता येत नाही. ही व्हिस्की केंटकीतच व्हावी असे बंधन नाही. ती अमेरिकेत कुठेही होऊ शकते, आणि १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून ठरावाने मान्यता दिली. वयाची अट साध्या बर्बनला नाही. 'स्ट्रेट' म्हणवून घ्यायचे असेल तर किमान २ वर्षे मुरवणे आवश्यक आहे आणि वय ४ वर्षांपेक्षा कमी असेल तर ते बाटलीवर सांगावे लागते. या नियमांत कुठेही १८ हा आकडा नाही.

आता एलायजा क्रेग यांच्याविषयी. ते खरे ऐतिहासिक गृहस्थ होते. व्हर्जिनियात बाप्टिस्ट पंथाचा प्रचार विनापरवाना केल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला, १७८० च्या दशकात ते केंटकीत आले, आजच्या जॉर्जटाउनच्या ठिकाणी त्यांनी वस्ती उभारली, लोकरी कापड घट्ट करण्याची गिरणी, कागदाची गिरणी आणि मद्याची भट्टी चालवली आणि १८०८ मध्ये त्यांचे निधन झाले. पिंपे जाळून त्यांत व्हिस्की मुरवण्याची युक्ती त्यांनीच शोधली, ही कथा मात्र पुराव्यावर उभी नाही. रिचर्ड कॉलिन्स यांच्या १८७४ च्या केंटकीच्या इतिहासात एवढेच म्हटले आहे की, पहिली बर्बन १७८९ मध्ये जॉर्जटाउनच्या कापडगिरणीत तयार झाली. तिथे क्रेग यांचे नावही दिलेले नाही. गिरणी कोणाची होती हे पाहून पुढच्या लोकांनी ते नाव जोडले. मक्याची व्हिस्की त्या काळी शेकडो शेतकरी आपापल्या शेतावर गाळत होते. वाहतुकीच्या सोयी नसलेल्या मुलखात धान्य विकण्यापेक्षा ते गाळून विकणे सोपे होते. त्यांतल्या एकालाच जनक ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

जुन्या काळी बर्बन इतकी का मुरवली जात नव्हती, याचे अर्धे उत्तर हवामानात आणि अर्धे करआकारणीत आहे. पिंपातील व्हिस्कीवर केंद्र सरकारचा कर लगेच भरावा लागत नसे. शासकीय देखरेखीखालच्या गोदामात ती काही वर्षे करमुक्त ठेवता येई. ही मुदत १९५८ पर्यंत ८ वर्षांची होती. मुदत संपली की माल विकला गेला असो वा नसो, कर भरावा लागे, म्हणून आठ वर्षांपेक्षा जास्त काळ पिंप ठेवणे म्हणजे पदरचे पैसे घालून तोटा वाढवणे होते. कोरियाच्या युद्धात टंचाई पडेल या अंदाजाने शेन्ली या बलाढ्य कंपनीने प्रचंड साठा करून ठेवला होता. टंचाई पडली नाही आणि मुदत जवळ येऊ लागली. शेन्लीचे प्रमुख लुईस रोझेनस्टील यांनी कायदा बदलण्यासाठी जोर लावला आणि १९५८ मध्ये ती मुदत २० वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. १८ वर्षांची बर्बन व्यवहारात शक्य झाली ती इथे. एका उद्योगपतीच्या चुकलेल्या अंदाजातून हे दार उघडले.

दार उघडले तरी लगेच कोणी आत शिरले नाही. १९७० च्या दशकात अमेरिकी तरुणांची आवड हलक्या, रंगहीन मद्यांकडे वळली, बर्बन ही वडीलधाऱ्यांची गोष्ट ठरली आणि १९७६ च्या सुमारास व्होडकाचा खप व्हिस्कीच्या पुढे गेला. डिस्टिलरी एकामागून एक बंद पडू लागल्या आणि गोदामांत पिंपे पडून राहिली. १९८० च्या दशकात जपानी ग्राहकांनी जुन्या बर्बनला प्रथम खरी किंमत दिली. त्याच सुमारास केंटकीतील काही जाणत्या माणसांनी पडून राहिलेल्या पिंपांतून निवडक पिंपे वेगळी काढायला सुरुवात केली. १९८४ मध्ये ब्लँटन्स ही एकेका पिंपातून भरलेली बर्बन बाजारात आली, १९८६ मध्ये हेवन हिलने १२ वर्षांची एलायजा क्रेग आणली आणि १९९४ मध्ये १८ वर्षांची.

जाणकारांनी यात भर घालावी, चुकत असेन तर दुरुस्त करावे.

मीठभाकर

फार सुंदर धागा. मी स्वतः मद्य घेत नाही, परंतु धान्य, आंबवणे आणि साठवण या गोष्टी माझ्या आवडीच्या आहेत, म्हणून तीन शंका विचारतो. पहिली, मका मुख्य असताना बार्ली कशासाठी घालतात? दुसरी, 'सावर मॅश' असे जे म्हटले जाते ते आपल्या विरजणासारखे आहे का, म्हणजे कालच्या आंबवणातला थोडा भाग आजच्यात घालणे? आणि तिसरी, स्कॉच व्हिस्की १८ वर्षांची असणे सर्वसामान्य आहे, मग बर्बनच्या बाबतीतच ते एवढे दुर्मीळ का?

रसायनी

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे शिक्षण आणि नोकरी दोन्ही रसायनशास्त्रातील आहे.

मक्यात पिष्ट भरपूर असते, पण यीस्टला पिष्ट खाता येत नाही, साखर लागते. धान्याला मोड आले की त्यात पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. आपल्याकडे लहान मुलांसाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करतात. त्याची पेज पातळ आणि किंचित गोड लागते, त्यामागचे कारण हेच आहे. बार्लीमध्ये ही विकरे विशेष प्रमाणात असतात. हेवन हिलच्या नेहमीच्या बर्बनमध्ये मका ७८ टक्के, मोड आणून वाळवलेली बार्ली १२ टक्के आणि राय हे धान्य १० टक्के असते. मका आधी उकळत्या तापमानाजवळ शिजवतात, मग मिश्रण थोडे निवल्यावर राय आणि शेवटी बार्ली घालतात, कारण फार उष्णतेने तिची विकरे नष्ट होतात. राय तिखटपणासाठी असते. आपण मसाल्यात मिरी घालतो तशी.

तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. स्कॉटलंडमध्ये बहुतेक व्हिस्की एकदा किंवा अनेकदा वापरलेल्या पिंपांत मुरते आणि तिथले हवामान वर्षभर थंड असते. केंटकीत पिंप कोरे असते, उन्हाळ्यात गोदामाच्या वरच्या मजल्यांवर असह्य उकाडा होतो आणि हिवाळ्यात पाणी गोठते. उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावून लाकडात शिरतो, थंडीत आकसून बाहेर येतो आणि दर फेरीत लाकडातले काहीतरी घेऊन येतो. ओकमधील हेमिसेल्युलोज जळताना शर्करा बनतात आणि त्यांचा कॅरमेल होतो. लिग्निनपासून व्हॅनिलिन मिळते. ओकमधल्या लॅक्टोनमुळे खोबऱ्याची आठवण करून देणारा गंध येतो. आणि टॅनिनमुळे तुरटपणा येतो. पहिल्या आठ-दहा वर्षांत या देवघेवीने व्हिस्की संपन्न होते. पुढे मात्र टॅनिन वाढतच जाते आणि कडवट लाकूडच तेवढे उरण्याची भीती असते. कोऱ्या पिंपात १८ वर्षे राहूनही व्हिस्की पिण्यासारखी राहिली, तर ते पिंप कुठे ठेवले होते याला फार अर्थ आहे. खालच्या, थंड मजल्यांवर तापमानाचा चढउतार सौम्य असतो, म्हणून दीर्घकाळ मुरवण्यासाठी सहसा अशाच जागा शोधल्या जातात.

आणखी एक गोष्ट. वरच्या, कोरड्या मजल्यांवर अल्कोहोलपेक्षा पाणी वेगाने उडते, त्यामुळे तिथल्या पिंपांतील तीव्रता वर्षागणिक वाढते. खालच्या दमट मजल्यांवर ती कमी होऊ शकते. एकाच दिवशी भरलेली दोन पिंपे मजला बदलल्यामुळे १८ वर्षांनी ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी होतात.

उडून जाणाऱ्या भागाला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. त्याचा हिशेब करून पाहा. पिंपात सुरुवातीला सुमारे २०० लिटर द्रव असतो. १८ वर्षांत त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश जातो असे हेवन हिल सांगते. चक्रवाढीने मांडले तर ही घट वर्षाला सरासरी ६ टक्क्यांची होते, म्हणजे शेवटी ६६ लिटरच्या आसपास उरतात. तीव्रता बदलली नाही असे सोयीसाठी धरून आणि एलायजा क्रेग १८ ज्या ४५ टक्क्यांवर भरली जाते तिथपर्यंत पाणी घालून मोजले, तर नुकत्याच भरलेल्या पिंपातून ७५० मिलीलिटरच्या ३७० बाटल्या निघाल्या असत्या तिथे जेमतेम १२० निघतात. किमतीचे मूळ बरेचसे इथे आहे.

ओहायोकाठ

रसायनी, आपण केलेला हिशेब मी वहीत उतरवून ठेवला आहे. मनःपूर्वक आभार.

मीठभाकर, विरजणाची उपमा ऐकताच पटते आणि मीही सुरुवातीला तसेच समजत होतो, पण एक मूलभूत फरक आहे. विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि ते नव्या दुधाचे दही करतात. सावर मॅशमध्ये जे मागचे आंबट पाणी घालतात, ते ऊर्ध्वपातन होऊन गेल्यानंतर स्तंभाच्या तळाशी उरलेले असते. ते उकळून निघालेले असल्याने त्यात जिवंत काहीही नसते. त्याचे काम नव्या मिश्रणाची आम्लता योग्य पातळीवर आणण्याचे आहे, म्हणजे यीस्टला ते मानवते आणि नको असलेल्या जिवाणूंना मानवत नाही. केंटकीचे पाणी चुनखडीच्या खडकांतून झिरपून येते. त्यात कॅल्शियम भरपूर असते आणि व्हिस्की काळपट करणारे लोह जवळजवळ नसते, पण ते अल्कधर्मी असते. अशा पाण्याला या आंबट पाण्याची जोड लागते. प्रत्येक भट्टीला मागच्या भट्टीशी बांधून ठेवणारा हा दुवा आहे, एवढ्यापुरती आपली उपमा बरोबर आहे.

या पद्धतीला शिस्त लावली ती जेम्स क्रो या स्कॉटिश माणसाने. वैद्यक आणि रसायन शिकलेले हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकीत आले आणि ऑस्कर पेपर यांच्या भट्टीत काम करू लागले. सावर मॅशचा शोध त्यांनी लावला असे म्हणता येत नाही. परंतु आम्लता, तापमान आणि साखरेचे प्रमाण मोजून, नोंदी ठेवून प्रत्येक खेपेला सारखी व्हिस्की काढणे त्यांनी रूढ केले. १८५६ मध्ये त्यांचे निधन झाले. मला विचाराल तर बर्बनच्या बाटलीवर नाव घालण्याचा अधिकार क्रेग यांच्यापेक्षा क्रो यांचा मोठा आहे, आणि 'ओल्ड क्रो' या नावाने तो त्यांना मिळालाही.

पानगळ

मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली काही वर्षे चाखण्याच्या निमित्ताने बऱ्याच जुन्या बर्बन पाहिल्या आहेत. या धाग्यातील माहितीबद्दल आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. वय म्हणजे गुणवत्ता हे समीकरण बर्बनला लागू नाही, आणि १८, २०, २३ असे आकडे पाहून लोक जी किंमत मोजतात ती मला योग्य वाटत नाही. हेवन हिलनेच २०१० नंतरच्या काही वर्षांत एलायजा क्रेगच्या २० ते २३ वर्षांच्या आवृत्त्या काढल्या होत्या. त्यांपैकी एक मी चाखली तेव्हा पहिल्या घोटात जुन्या कपाटाचा वास आणि शेवटी चहा फार वेळ उकळला की येतो तसा तुरटपणा, एवढेच मला जाणवले. वाइल्ड टर्कीचे जिमी रसेल, जे १९५४ पासून त्या एकाच डिस्टिलरीत काम करत आले, त्यांनाही फार जुनी बर्बन आवडत नाही आणि आठ ते बारा वर्षांच्या आसपासचीच पसंत पडते, हे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. सात दशके याच कामात घालवलेल्या माणसाचे मत मला बाटलीवरच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचे वाटते.

त्यातही खेद वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एलायजा क्रेगच्या साध्या बाटलीवर पूर्वी १२ वर्षे असे स्पष्ट लिहिलेले असे आणि ती सामान्य नोकरदाराला परवडत असे. मागणी वाढल्यावर २०१६ मध्ये ते वय काढून टाकण्यात आले आणि ८ ते १२ वर्षांच्या पिंपांचे मिश्रण सुरू झाले. जुन्या बर्बनचा गाजावाजा वाढला आणि मधल्या वयाची उत्तम बर्बन सामान्य माणसाच्या हातातून निसटली.

ओहायोकाठ

पानगळ, आपल्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. जिमी रसेल यांचे मत माझ्या मांडणीला बळच देते, कारण जुन्या परंपरेतल्या माणसाला दीर्घ मुरवण ही परंपरा वाटतच नाही. माझे म्हणणे एवढेच की, १८ वर्षांनी चांगली उरलेली जी मोजकी पिंपे असतात, ती ओळखणे हे एक वेगळे कौशल्य आहे आणि ते कौशल्य हा खरा वारसा आहे. हेवन हिलमध्ये ते बीम घराण्याकडे होते, म्हणून त्या घराण्याविषयी आणि १९९६ च्या आगीविषयी लिहितो.

दारूबंदी १९२० मध्ये आली आणि १९३३ मध्ये उठली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, बार्ड्सटाउनजवळ हेवन हिलची स्थापना झाली. पैसा शापिरा कुटुंबातील पाच भावांचा होता. दुकानदारीत मुरलेल्या या माणसांना व्हिस्की गाळण्याचा अनुभव नव्हता. म्हणून त्यांनी बीम घराण्यातील जोसेफ बीम यांना बोलावले. हे घराणे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून केंटकीत व्हिस्की गाळत आले आहे आणि त्याच्या शाखा अनेक डिस्टिलरींत पसरलेल्या आहेत. जगप्रसिद्ध जिम बीम ही त्यांतली एक शाखा. पुढे १९४६ मध्ये जिम बीम यांचे पुतणे अर्ल बीम हेवन हिलमध्ये आले, त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र पार्कर आणि नातू क्रेग यांनी तेच काम केले. मालकी शापिरांची आणि हात बीमांचे, अशी ही जोडी दशकानुदशके टिकली. आजही ती कंपनी शापिरा कुटुंबाकडेच आहे.

७ नोव्हेंबर १९९६ च्या दुपारी एका गोदामाला आग लागली. वारा सोसाट्याचा होता. जळत्या पिंपांतून फुटलेली व्हिस्की पेटलेल्या ओढ्यासारखी उतारावरून खाली वाहत गेली आणि एकामागून एक सात गोदामे आणि स्वतः डिस्टिलरी तिने गिळली. ९०,००० पिंपे एका दिवसात नष्ट झाली. सुदैवाने एकही माणूस दगावला नाही. आगीचे कारण आजतागायत निश्चित झालेले नाही. इथल्या वयस्कर मंडळींना त्या रात्रीचे लाल आकाश आठवते. माझ्या शेजारीण आजी सांगतात की, त्यांच्या अंगणातून क्षितिज उजळलेले दिसत होते.

त्यानंतर जे घडले ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठे वाटते. जिम बीम आणि ब्राउन-फोरमन या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपल्या भट्ट्या हेवन हिलसाठी उपलब्ध करून दिल्या आणि हेवन हिलची व्हिस्की परक्यांच्या छपराखाली तयार होत राहिली. १९९९ मध्ये कंपनीने लुईव्हिलमधील बर्नहाइम ही डिस्टिलरी विकत घेतली. तिथे गाळलेली व्हिस्की मालमोटारींतून बार्ड्सटाउनच्या परिसरातील गोदामांत नेऊन मुरवली जाऊ लागली. बार्ड्सटाउनमध्ये पुन्हा स्वतःची नवी डिस्टिलरी सुरू व्हायला २०२५ साल उजाडले. एलायजा क्रेग १८ ची विक्री २०१२ मध्ये पुरेशी जुनी पिंपे नसल्यामुळे थांबवली होती आणि ती २०१५ मध्ये परत आली. वजाबाकी करून पाहा: २०१५ मध्ये १८ वर्षांची झालेली व्हिस्की १९९७ च्या आसपास गाळलेली होती, म्हणजे ज्या काळात हेवन हिलकडे स्वतःची भट्टीच नव्हती.

जुनी वही

ओहायोकाठ, वारसा घराण्यांच्या नावांनी सांगितला जातो तेव्हा एक मोठा भाग बाहेर राहतो, तो इथे नोंदवावासा वाटतो. केंटकी १७९२ मध्ये राज्य झाले ते गुलामगिरी मान्य असलेले राज्य म्हणून. यादवी युद्धापूर्वी तिथल्या शेतांवर मका पिकवण्यात आणि भट्ट्यांवर लाकूड तोडणे, मिश्रण ढवळणे, पिंपे घडवणे, गाळणे या सगळ्यात कृष्णवर्णीय गुलामांचे श्रम होते. केवळ अंगमेहनत नव्हे, कौशल्यही त्यांचे होते. त्यांची नावे बहुतांशी मालमत्तेच्या याद्यांत, जनावरांच्या आणि भांड्यांच्या शेजारी लिहिलेली सापडतात. शेजारच्या टेनेसी राज्यात निअरेस्ट ग्रीन या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाने जॅक डॅनियल यांना व्हिस्की गाळायला शिकवले, हे स्थानिक लोकांना पिढ्यानपिढ्या माहीत होते, परंतु कंपनीने ते जाहीरपणे सांगायला २०१६ साल यावे लागले. ती बर्बन नव्हे, टेनेसी व्हिस्की. तरी चित्र केंटकीतही वेगळे नव्हते. जळलेल्या पिंपाची युक्ती धर्मोपदेशकाने शोधली ही कथा जिथे सहज पसरते, तिथे पिंप घडवणाऱ्या हातांचे नाव कोणी विचारत नाही.

ओहायोकाठ

आपण हे लिहिलेत याबद्दल ऋणी आहे. मूळ लेखातच हे यायला हवे होते.

कुळागर

मी गोव्याचा आहे. बर्बनच्या पिंपांची पुढची कहाणी आमच्या दाराशी येऊन पोचते, म्हणून लिहितो.

बर्बनला दरवेळी कोरे पिंप लागते, या नियमामुळे केंटकीत दरवर्षी प्रचंड संख्येने एकदाच वापरलेली पिंपे रिकामी होतात. ती स्कॉटलंड, आयर्लंड, मेक्सिको, कॅरिबियन बेटे अशी जगभर जातात आणि त्यांतली काही भारतात येतात. गोव्यात कुंकळ्ळी इथे पॉल जॉन ही सिंगल माल्ट व्हिस्की तयार होते आणि ती मुख्यत्वे अशाच बर्बनच्या पिंपांत मुरवली जाते. पिंपाच्या लाकडात राहिलेला व्हॅनिलाचा आणि खोबऱ्याचा गंध ती घेते.

रसायनींनी हिशेब केला आहे तोच पुढे नेतो. आमच्याकडे थंडी नावालाच असते आणि वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास व्हिस्की उडून जाते असे सांगतात. त्या दराने १८ वर्षांत २०० लिटरमधले ४५ लिटरसुद्धा उरणार नाहीत. म्हणून भारतीय सिंगल माल्ट सहसा काही वर्षांतच बाटलीत भरतात आणि पुष्कळ बाटल्यांवर वय लिहीतही नाहीत. केंटकीच्या आठ-बारा वर्षांविषयी पानगळ जे म्हणतात, ते आम्हा उष्ण मुलखातल्यांना लगेच कळते. काजूची फेणी तर आम्ही बहुधा मुरवतही नाही. तिचा सगळा वास ताज्या बोंडांचा असतो आणि लाकडात तो हरवेल.

बर्बन भारतात आणायची तर पूर्वी १५० टक्के आयातशुल्क होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते १०० टक्क्यांवर आणले गेले. तरीही १८ वर्षांची बाटली इथे सहज दिसेल असे मला वाटत नाही.

मीठभाकर

सर्वांचे आभार. एवढ्या चर्चेनंतर आणखी एक प्रश्न मनात राहतो. आज जी पिंपे भरली जात आहेत ती १८ वर्षे ठेवायची की नाही, हे कंपनी कशी ठरवते? इतक्या पुढचा बाजार कोणाला दिसणार? आणि ओहायोकाठ, आपण ज्या बाटलीतून चाखलीत तिच्यावर कोणती तारीख होती?

ओहायोकाठ

पुढचा बाजार कोणालाच दिसत नाही आणि चूक दोन्ही बाजूंना होते. १९७० च्या दशकात फार पिंपे होती, २०१२ मध्ये फार थोडी. आता पुन्हा काटा दुसरीकडे झुकला आहे. केंटकीत आज मुरत असलेल्या पिंपांची संख्या १ कोटी ४० लाखांच्या पुढे गेली आहे, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या तिपटीहून जास्त. मागणी मंदावली आहे आणि जिम बीमने क्लेरमाँट येथील आपल्या मुख्य डिस्टिलरीतील ऊर्ध्वपातन २०२६ मध्ये थांबवण्याचे २०२५ च्या अखेरीस जाहीर केले. त्यात मुरणाऱ्या प्रत्येक पिंपावर केंटकीत दरवर्षी मालमत्ताकर भरावा लागतो. द्रव उडून कमी होत जातो आणि कर साचत जातो, अशी ही विचित्र मालमत्ता आहे. तो कर २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४३ मध्ये पूर्ण काढण्याचा कायदा राज्याने केला आहे. योगायोग असा की, ही वाटही सुमारे १८ वर्षांचीच आहे. १९५८ मध्ये झाले तेच पुन्हा होत आहे: साठा जास्त, कर सैल. २०४० च्या दशकात जुन्या बर्बनची रेलचेल झाली तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि पानगळ म्हणतात तशी त्यातली पुष्कळशी लाकडाळलेली निघेल, हेही खरे.

कंपनी एकदाच बसून १८ वर्षांचा निर्णय घेत नाही, असे मला इथल्या कामगारांशी बोलून समजले. पिंपांतून नमुने काढून चाखत राहतात. बहुतेक पिंपे चार-आठ वर्षांत निघतात. एखाद्या थंड कोपऱ्यातील पिंप अजून थांबू शकेल असे वाटले तर ते राहू देतात, पुन्हा काही वर्षांनी पाहतात आणि बिघडू लागले असे वाटताच काढतात.

तारखेसाठी मी काल मुद्दाम शेजाऱ्यांकडे गेलो. बाटली रिकामी झाली होती, पण त्यांनी ती ठेवून दिली आहे. पिंप एप्रिल २००४ मध्ये भरलेले होते. म्हणजे ती व्हिस्की माझ्या घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या बर्नहाइममध्ये गाळली गेली, तिथून बार्ड्सटाउनकडे गेली आणि २०२२ मध्ये बाहेर आली. ती गाळली तेव्हा मुख्य डिस्टिलर पार्कर बीम होते. पुढे त्यांना एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार झाला. त्यावरील संशोधनाला निधी मिळावा म्हणून कंपनीने २०१३ मध्ये त्यांच्या नावाची एक खास बर्बन काढली. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले. शेजाऱ्यांच्या बाटलीचे पिंप तेव्हा गोदामातच होते, बारा वर्षांचे झालेले.